मुलाच्या तोंडी त्याचे स्वतःचे वाक्य

आठवड्याच्या बाजारात किंवा एस.टी.च्या गर्दीत तीन-चार वर्षांचे मूल मोठ्याने विचारते, ‘या बाबांना एकच हात का आहे?’, आणि त्याच क्षणी आईचा तळहात त्याच्या तोंडावर येतो. आई त्या गृहस्थांकडे पाहून ओशाळे हसते, मुलाला जवळ ओढते आणि उत्तर मात्र देत नाही. तिच्या मनात कसलाही वाईट हेतू नसतो, उलट समोरच्याला दुखवू नये अशीच तिची धडपड असते. पण मुलाला त्या हातातून एवढेच कळते की आपण विचारलेली गोष्ट वाईट आहे आणि ती ज्याच्यापाशी असते त्याच्याविषयी बोलायचे नसते. पुढे त्याच मुलाच्या अंगात, बोलण्यात किंवा घरात काही वेगळे निघाले, तर स्वतःविषयीही ते तेच समजते.

मी खानदेशातल्या प्राथमिक शाळांमध्ये शिकवत आले आहे, आधी साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात आणि नंतर तापीकाठच्या कापूस-केळीच्या गावांत. शक्य होते तेव्हा मी पहिली-दुसरीचे वर्ग मागून घेतले, कारण माणसाचे स्वतःविषयीचे मत याच वयात घट्ट होऊ लागते असे मला वर्गात दिसत आले आहे. पाच वर्षांचे मूल ‘मी खूप जोरात पळतो’ असे सांगते आणि ते त्याला खरोखर वाटत असते, तर आठ वर्षांचे मूल ‘पळण्यात माझा चौथा नंबर येतो’ असे सांगते. साधारण सात-आठ वर्षांच्या वयापासून मुले स्वतःला इतरांच्या शेजारी उभे करून मोजू लागतात, असे बालमानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही नोंदवले आहे. त्याआधीच्या वर्षांत स्वतःविषयीचे जे शब्द आपण त्यांच्या हाती देतो, तेच घेऊन ती या मोजणीला सामोरी जातात. म्हणून अंगणवाडीपासून दुसरीपर्यंतचा काळ मला फार मोलाचा वाटतो, आणि या काळात वेगळ्या मुलाला सर्वांत आधी लागते ते त्याच्या वेगळेपणाविषयीचे खरे, साधे आणि न लाजता दिलेले उत्तर. कौतुकाची पाळी त्यानंतरची आहे.

पहिलीच्या एका वर्गात माझ्याकडे एक मुलगी होती, जिच्या ओठांच्या कडांना आणि बोटांच्या पेरांवर पांढरे डाग होते. घरी त्या डागांचे नाव कोणी उच्चारत नसे. आजी रोज सकाळी पावडर लावून ते झाकत असे, लग्नाकार्यात तिला फोटोच्या वेळी मागे उभे केले जाई, आणि श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या, दिवशी भाऊबंदांनी घर भरले की तिला आतल्या खोलीत लहान बाळांजवळ बसवले जाई. आजीचा तिच्यावर फार जीव होता. उद्या पोरीचे लग्न कसे जमेल या एकाच भयाने ती हे सारे करत होती, आणि ते भय मी हसण्यावारी नेणार नाही, कारण आमच्या भागात कोडाचा डाग दिसला की सोयरीक मोडते हे मी स्वतः पाहिलेले आहे. पण सहा वर्षांच्या मुलीला सोयरीक कळत नाही. माझ्या चेहऱ्यात काहीतरी असे आहे की ज्याचे नावही घेता येत नाही, एवढेच तिला कळते. ती वर्गात बोलताना तोंडावर हात धरून बोलत असे.

कोड कसे होते हे त्या घरात कोणी नीट सांगितलेले नव्हते. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या जागी रंग तयार होणे थांबते. ते स्पर्शाने लागत नाही, कुष्ठरोगाशी त्याचा काहीही संबंध नाही, आणि मासे खाऊन वर दूध प्यायल्याने ते होते ही गावोगाव ऐकू येणारी समजूत खोटी आहे. जगभरात दर शंभर माणसांमागे साधारण एकाला ते असते, म्हणजे आमच्या एखाद्या मध्यम गावातही अशी काही माणसे असणारच. मलमे आणि प्रकाशाचे उपचार उपलब्ध आहेत, आणि त्यांनी काही जणांच्या काही डागांवर पुन्हा रंग येतो. हे सगळे तिच्या आईला दवाखान्यात कळले, तेव्हा तिने पहिला प्रश्न केला तो असा की हे पोरीला सांगायचे कसे.

आम्ही दोघींनी बसून तिच्यासाठी एक वाक्य तयार केले, आणि ते तिच्याच अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीत, ठेवले: ‘हाई कोड शे. दुखत नही, कोनले लागत नही’, म्हणजे ‘हे कोड आहे. दुखत नाही, कोणाला लागत नाही.’ पुस्तकी मराठीतले वाक्य तिने पाठ केले असते, पण ते तिचे झाले नसते. आधी तिने ते धाकट्या भावाला सांगितले, मग शेजारच्या मैत्रिणीला, आणि काही दिवसांनी दुसऱ्या गावाहून नव्याने दाखल झालेल्या एका मुलाने तिच्या हाताकडे बोट दाखवले तेव्हा तिने ते वर्गात, पाटीवरून डोके वर न काढता, सांगून टाकले. तो ‘बरं’ म्हणाला आणि खडू मागू लागला. मुलांना बहुतेक वेळा एवढेच हवे असते. त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले की त्यांचे कुतूहल दुसरीकडे वळते, आणि उत्तर मिळाले नाही तर तेच कुतूहल कुजबुजीत आणि चिडवण्यात उतरते.

या प्रसंगात मला आणखी एक गोष्ट उमगली, ती तिच्या लांब बाह्यांविषयी. आजी तिला पूर्ण बाह्यांचा झगा घालत असे तो डाग झाकण्यासाठी. डॉक्टरांनीही पूर्ण बाह्याच सुचवल्या, पण वेगळ्या कारणाने, कारण रंग नसलेली कातडी उन्हात लवकर भाजते, आणि भुसावळ-जळगावकडचा एप्रिल-मे महिन्यांतला पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो हे येथील कोणालाही सांगावे लागत नाही. झगा तोच राहिला आणि बाह्याही त्याच राहिल्या, पण कारण बदलल्यावर तो घालणारी मुलगी बदलली. सावलीत आल्यावर ती आता बाह्या वर सारत असे, कारण ऊन नसेल तर त्यांचे काम नाही हे तिला ठाऊक होते. मुलाच्या वेगळेपणासाठी आपण जी जी व्यवस्था करतो, तिच्यामागचे कारण मुलाला माहीत असले पाहिजे, या माझ्या आग्रहाचे मूळ या बाह्यांत आहे.

कातडीच्या रंगाची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तेथे आजारही नाही आणि उपचारही नाही, आहे ते केवळ मोठ्यांचे बोलणे. बाळ जन्मल्यावर ‘कोणावर गेले’ याच्या आधी ‘रंग कसा आहे’ हे विचारले जाते, आणि चार वर्षांची मुलगी ते सगळे ऐकत असते. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर रंग सोडून सर्व बाबतींत सारख्या बाहुल्या ठेवल्या आणि यातली छान कोणती, वाईट दिसणारी कोणती, असे विचारले. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली छान ठरवली आणि काळी वाईट, आणि मग ‘तुझ्यासारखी कोणती?’ असे विचारल्यावर काही मुले रडली, काही खोलीतून निघून गेली. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात या प्रकारच्या अभ्यासाचा आधार घेतला गेला. तो देश वेगळा आणि त्याचा इतिहासही वेगळा, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा येथे आणून लावणे मला योग्य वाटत नाही. तरी त्यातून एक गोष्ट नाकारता येत नाही की लहान मुले भेद पाहत नाहीत, त्यांची मने कोरी असतात, हा आपला समज भाबडा आहे. ती पाहतात, आणि त्या भेदाला किंमत कोणती लावायची हे आपल्याकडून शिकतात. माझ्या वर्गात चित्र रंगवताना सावळी मुले स्वतःचा चेहरा फिक्या गुलाबी खडूने रंगवत, तेव्हा मी खडूंच्या पेटीत तपकिरी छटांची भर घातली आणि पहिला चेहरा माझा स्वतःचा, माझ्या रंगाचा, फळ्याशेजारी काढून लावला. त्यावर मी काही भाषण केले नाही. पुढच्या चित्रांत काही चेहरे तपकिरी झाले, काही गुलाबीच राहिले, आणि मी ते तसेच भिंतीवर लावले.

आता भाषेविषयी, कारण खानदेशात मुलाला आपण वेगळे आहोत ही पहिली जाणीव बहुधा तोंड उघडल्यावरच होते. २०११ च्या जनगणनेत आपली मातृभाषा अहिराणी-खानदेशी अशी नोंदवणाऱ्यांची संख्या १८ लाखांहून अधिक आहे. जळगावकडच्या लेवा समाजाची बोली त्याहून निराळी आहे, आणि सातपुड्याकडे वळले की भिली, पावरी, मावची, देहवाली अशा बोली सुरू होतात. पहिल्या दिवशी मूल सांगते, ‘मना बाप वावरमा ग्या’, म्हणजे माझा बाप शेतात गेला, आणि त्याला उत्तर मिळते, ‘असे नाही, नीट बोल’. मूल नीटच बोललेले असते. आईने ज्या बोलीत त्याला अंगाई ऐकवली, ज्या बोलीत त्याला घास भरवला, त्या बोलीला कोणीतरी चुकीची ठरवलेले असते, आणि सहा वर्षांच्या वयात चूक आपल्या बोलण्यात आहे आणि चूक आपल्यात आहे यांतला फरक करता येत नाही. कित्येक मुले त्यानंतर महिनेच्या महिने गप्प बसतात आणि आम्ही शिक्षक त्यांच्या नावापुढे ‘अबोल’ असे लिहितो.

असोदे गावात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी आपल्या घरच्या लेवा बोलीतच काव्य रचले, मुलाने आणि नातलगाने ते लिहून ठेवले, आणि १९५१ साली त्यांच्या निधनानंतर ते मराठी वाचकांपुढे आले. आमच्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव दिले गेले, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण ज्या जिल्ह्याने विद्यापीठाच्या दारावर हे नाव कोरले, त्याच जिल्ह्यात एखाद्या मुलाने वर्गात त्याच वळणाची बोली बोलली तर त्याला खाली बसवावे, हे मला सोसत नाही. मुलाला प्रमाण मराठी उत्तम यावी याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, कारण तिच्यावाचून त्याची पुढची दारे उघडणार नाहीत. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे सुचवते. मी फळ्याचे दोन भाग करते, एकीकडे घरचे बोलणे आणि दुसरीकडे पुस्तकाचे, आणि ‘माले पानी पेवानं शे’ हे वाक्य डाव्या बाजूला आदराने लिहून मग उजवीकडे ‘मला पाणी प्यायचे आहे’ असे लिहिते. डावीकडचे मी खोडत नाही.

एका वर्षी पावरा समाजाचा एक मुलगा आमच्या शाळेत आला. त्याचे वडील धडगावकडून येऊन गावातल्या एका शेतकऱ्याकडे सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवरचे शेतगडी, म्हणून राहिले होते. वर्ग अहिराणी बोलत होता, पुस्तक मराठी बोलत होते आणि त्याच्याजवळ होती पावरी, म्हणजे बाकीच्यांना एक उंबरठा ओलांडायचा होता तर त्याला दोन. आम्ही रोजच्या परिपाठानंतर अंक मोजत असू, तेथे मराठीच्या आणि अहिराणीच्या बरोबरीने पावरीतली मोजणी सुरू केली. शिकवणारा तो, आणि शिकणारे आम्ही सगळे, मीसुद्धा. स्नेहसंमेलनात त्याला डोक्याला मोरपिसे लावून नाचायला उभे करावे असे कोणीतरी सुचवले होते आणि मी त्याला विरोध केला. वर्षातून एकदा रंगमंचावर दाखवलेले वेगळेपण पाहुण्यांसाठी असते. रोजच्या मोजणीत आलेले वेगळेपण वर्गाचे होते आणि म्हणून ते त्या मुलाला पेलते. त्याला स्वतःहून नाचायचे असते तर गोष्ट निराळी होती.

डावखुऱ्या मुलांचे तुलनेने सोपे आहे. दर दहा माणसांमागे साधारण एक जण डावखुरा असतो, त्यामुळे तीस मुलांच्या वर्गात दोन-तीन असतातच. त्यांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवले की शेजाऱ्याच्या कोपराशी कोपर भिडत नाही, आणि वही थोडी उजवीकडे कलती ठेवली की लिहिलेले पुसले जात नाही. घरी मात्र प्रसादाचा प्रश्न येतो. एका आजीबाईंनी स्वतःच तोड काढली की लेकरू प्रसाद उजव्या हाताने घेईल आणि बाकी सारे डाव्या हाताने करील, आणि मला ती तोड पूर्ण मान्य आहे. परंपरेचा मान राखून मुलाचा हात मोकळा सोडता येतो.

अडखळत बोलणाऱ्या मुलाला मात्र आपल्या संयमाची गरज फार असते. दोन ते पाच वर्षांच्या वयात पुष्कळ मुले अडखळतात आणि त्यांतल्या बहुतेकांचे बोलणे आपोआप सुरळीत होते, काहींचे होत नाही. मेंदूतली बोलण्याची घडण आणि आनुवंशिकता यांचा त्याच्याशी संबंध आहे. कोणाची नक्कल केल्याने किंवा दचकल्याने ते जडते ही समजूत खरी नाही. अशा मुलाचे वाक्य आपण पुरे करू नये, ‘हळू बोल’ असेही सांगू नये, आपण स्वतः सावकाश बोलावे आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहत थांबावे. वर्गात हे थांबणे मुलांना शिकवता येते. माझ्या अनुभवात ती ते मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

नंदुरबारच्या आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या आजाराची मुले वर्गावर्गात भेटतात. दोन्ही पालकांकडून तो दोष आला तर मुलाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत, पोटात असह्य कळा येतात. अशा मुलाने भरपूर पाणी पिणे, थंडीपासून जपणे आणि दमेपर्यंत न धावणे आवश्यक असते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये या आजाराचाही समावेश आहे. पण दर तासाला एकाच मुलाला उठवून ‘जा, पाणी पिऊन ये’ असे म्हटले की त्याचा आजार सगळ्यांसमोर रोज नव्याने जाहीर होतो. त्यापेक्षा वर्गात कोणीही, कधीही, न विचारता पाणी प्यावे असा सर्वांचाच नियम केला, तर त्या मुलाची गरज भागते आणि कोणाचे लक्षही जात नाही. त्याला स्वतःला मात्र आपण पाणी का पितो हे ठाऊक असावे, आणि विचारले तर सांगण्यासाठी त्याचेही एक वाक्य असावे.

हल्ली शिकलेल्या घरांतून मुलांना ‘तू खास आहेस, तू सगळ्यांहून वेगळा आहेस’ असे सतत सांगण्याची रीत आली आहे. तिच्यामागचे प्रेम मला कळते, पण या रीतीविषयी मला चिंता वाटते. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवल्यावर दोन प्रकारे शाबासकी दिली होती. काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. हुशार म्हटलेली मुले पुढे सोपी कोडी निवडू लागली आणि अवघड कोड्यांत अपयश आल्यावर लवकर खचली, कारण मिळालेले बिरुद गमावण्याची त्यांना धास्ती वाटत होती. ‘तू खास आहेस’ या वाक्याचेही तसेच होत असावे असे मला वाटते. ज्या मुलाला ते सांगितले जाते त्याला ते टिकवावे लागते, आणि कोडाच्या डागाला ‘देवाची नक्षी’ म्हटले तरी आरशात डाग दिसायचा तो दिसतोच. मुलाला गोड खोटे लगेच ओळखू येते, आणि त्यानंतर ते आपल्या खऱ्या शब्दांवरही विश्वास ठेवत नाही.

पालकसभेत एक जिभाऊ (आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने असे म्हणतात) मला म्हणाले होते, ‘मॅडम, बाकीचं सोडा, माझं लेकरू चारचौघांसारखं करून द्या.’ त्यांचा मुलगा ऐकण्याचे यंत्र वापरत होता. हे मागणे मला कधीच चुकीचे वाटले नाही, कारण चारचौघांसारखे असण्यात जे सुख आहे, मारुतीच्या पारावर कोणी वळून न पाहता बसता येण्याचे, ते सुख त्या बापाला आपल्या मुलासाठी हवे होते. मी त्यांना एवढेच म्हणाले की चारचौघांत बसण्यासाठी कानातले यंत्र काढून ठेवावे लागले तर ते बसणे त्याच्या उपयोगाचे नाही, कारण मग चौघे काय बोलले ते त्याला ऐकू येणार नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग यंत्राच्या बॅटऱ्या शाळेत जास्तीच्या ठेवता येतील का असे त्यांनी विचारले. तेव्हापासून बॅटऱ्या माझ्या टेबलाच्या खणात असत, आणि मुलगा गरज पडली की स्वतः येऊन घेऊन जात असे.

या सगळ्यात एक धोका मला दिसतो, तो असा की मुलाने स्वतःला स्वीकारले की आपले काम संपले असे आपण मानू लागतो, आणि मग चिडवणे सोसण्याचे ओझेही त्याच्याच माथी मारतो: ‘तू लक्ष देऊ नकोस’, ‘तू मनाने खंबीर हो’. सहा वर्षांच्या मुलाने खंबीर का व्हावे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केलेली आहे, आणि शिक्षकानेच हाक मारताना व्यंगावरून नाव घेतले तर ते मी या छळातच मोजते. मुलांच्या चिडवण्याचा माग काढत गेले की तो बहुधा एखाद्या मोठ्या माणसाच्या ओट्यापाशी पोचतो. काळ्या, चकण्या, बोबड्या, लंगड्या ही नावे मुले शोधून काढत नाहीत, ती त्यांच्या कानावर आलेली असतात, पुष्कळदा मायेच्या सुरात सुद्धा. म्हणून वर्गात असे नाव ऐकू आले की मी चिडवणाऱ्या मुलाला एकीकडे घेऊन बोलते, आणि संध्याकाळी ज्या घरातून ते नाव आले त्या घरी जाते. तेथे मी कायद्याचे नाव काढत नाही. शाळेच्या दाखल्यावर जे नाव आहे त्याच नावाने मुलाला हाक मारा, एवढेच मागते. काही घरांनी ते मान्य केले आणि पाळले. काहींनी चहा पाजून विषय हसण्यावारी नेला, आणि त्या घरांकडे मला पुन्हा जावे लागते.